सत्तावीस

काटकर मास्तरांच्या श्वासाचे दोन आकडे त्या दिवशी लिहिले गेले. कस्तुरी लोंढेने लिहिले सत्तावीस आणि ऋतुजा भोईटेने लिहिले वीस. मधल्या सात श्वासांचा हिशेब द्यायला ऋतुजाला पुढे अकरा दिवस लागले.

सोमवार होता. दुपारचे दोन वाजले होते आणि तालुक्याच्या रुग्णालयातल्या सर्जरी वॉर्डात ओव्हर चालू होती. एक पाळी संपते, दुसरी सुरू होते आणि पेशंट एकीच्या हातून दुसरीच्या हाती जातात, त्याला नर्सिंगमध्ये ओव्हर म्हणतात. ऋतुजा आणि कस्तुरी दोघी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होत्या. हॉस्टेलवर एकाच खोलीत राहायच्या, एकच तेलाची बाटली वापरायच्या. ऋतुजा फलटणची, चटपटीत, तोंडात उत्तर तयार. कस्तुरी माण तालुक्यातली, सावकाश बोलणारी आणि त्याहून सावकाश काम करणारी.

"चौदा नंबरचे मास्तर," कस्तुरी म्हणाली, "पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. ऋतू, त्यांचा श्वास सत्तावीस हाय. मला न्हाई बरं वाटत."

"बॅन्ड काय म्हणतोय?"

"नाडी चौऱ्याऐंशी, ऑक्सिजन पंच्याण्णव, ताप न्हाई."

"मग झालं तर! जा, जेवून घे. मेसमध्ये आज मटकी आहे, संपेल." ऋतुजाने तिच्या पाठीवर थाप मारली. तिचं कस्तुरीवर प्रेम होतं, पण ते वर्गातल्या हुशार मुलीचं मागे पडलेल्या मैत्रिणीवर असतं तसं होतं. त्यात थोडी दया होती, आणि ती दया ऋतुजाला स्वतःला फार आवडायची.

आता पाटीबद्दल सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांमध्ये 'गटपाटी' आली. कल्पना चांगलीच होती. एका पेशंटमागे पाच विद्यार्थ्यांचा गट. दोघं त्याच वॉर्डात पाळीपाळीने, बाकीचे तिघं दुसऱ्या गावांच्या रुग्णालयांत. सगळ्यांच्या टॅबवर एकच पाटी उघडी असायची. खाटेजवळची मुलगी जे बघायची ते तिच्यावर लिहायची, लांबचे शंका काढायचे, पुस्तकातलं शोधून द्यायचे आणि पाच जणांचं मिळून शुश्रूषेचं नियोजन तयार व्हायचं. पूर्वी एकेकटी घोकंपट्टी करणाऱ्या पोरी आता एकमेकींकडून शिकायला लागल्या. आडगावच्या कॉलेजातल्या मुलीला मोठ्या रुग्णालयातला पेशंट दिसायला लागला. पाटीने भलं केलं हे कोणीही कबूल करेल.

पण पाच जण लिहायला लागले की पाच मतं होतात. कोणाचं धरायचं? म्हणून पाटीला एक गणित दिलेलं होतं. प्रत्येकाच्या नावापुढे शंभरपैकी एक आकडा असायचा, त्याला म्हणायचे 'भरवसा'. तुमची नोंद गटाशी आणि पाटीच्या जुन्या अनुभवाशी जुळली की भरवसा वाढायचा, फटकून गेली की घटायचा. हा जुना अनुभव म्हणजे सहा वर्षांतल्या विद्यार्थ्यांच्या लाखो नोंदी. दोन नोंदी भांडायला लागल्या तर जास्त भरवशाच्या व्यक्तीला पाटी पुन्हा बघायला सांगायची. तिने लिहिलेलं ठळक व्हायचं आणि दुसऱ्याचं राखाडी पडायचं. डॉक्टरांना निरोप जायचा तो ठळक नोंदींचा. दुपारी तीन वॉर्डांना मिळून एकच डॉक्टर असताना प्रत्येक शंकेला त्यांना पळवणं परवडण्यासारखं नव्हतं.

ऋतुजाचा भरवसा चौऱ्याण्णव होता, कॉलेजात सगळ्यांत जास्त. कस्तुरीचा अठ्ठावन्न. पंचावन्नच्या खाली गेलं की सहा महिने फेरप्रशिक्षण, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरींबरोबर पुन्हा चादरी घालण्यापासून सुरुवात. कस्तुरीच्या घरून तिला तेवढी मुदत मिळणार नव्हती. वर्ष लांबलं तर लग्न, असं तिच्या चुलत्याने स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

कस्तुरी मेसला गेली तशी ऋतुजाच्या टॅबवर सूचना आली. 'खाट चौदा. श्वसनाची नोंद विसंगत. कृपया पुन्हा मोजा.'

ऋतुजाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उशीला टेकून डोळे मिटून पडले होते. छाती हलत होती. सगळ्यांचीच हलते. सोळा नंबरचं सलाईन संपत आलं होतं, अकरा नंबरचे आजोबा बेडपॅनसाठी हाका मारत होते. ऋतुजाने खाटेच्या पायथ्याशी उभ्या उभ्याच टॅबवर वीस लिहिलं आणि ती अकरा नंबरकडे पळाली.

तिला यात काही गैर केल्यासारखं वाटलं नाही, आणि खरी गोष्ट इथेच आहे. नाडी, ताप, ऑक्सिजन हे सगळं मनगटावरचा बॅन्ड मोजायचा. श्वास मोजणारा पट्टा छातीवरून घसरायचा, म्हणून श्वास तेवढा अजून डोळ्यांनी मोजायचा राहिला होता. पूर्ण एक मिनिट पेशंटजवळ उभं राहून छाती किती वेळा वर येते ते बघायचं. पंचवीस पेशंट म्हणजे पंचवीस मिनिटं. एवढा वेळ कोणाकडे असतो? पहिल्या वर्षीच सीनियर ताई कानात सांगतात, 'वीस लिही गं, नाहीतर अठरा.' ऋतुजाला तिच्या ताईने सांगितलं होतं आणि ऋतुजाने कस्तुरीला सांगितलं होतं.

कस्तुरी तेव्हा म्हणाली होती, "पण मोजल्यावर वीस येत न्हाईत ना."

त्यावर सगळी खोली हसली होती.

टॅबवर मास्तरांचं सत्तावीस राखाडी झालं. लांबच्या तिघांनी ऋतुजाच्या नोंदीला दुजोरा दिला, त्यात सोहेलचा अंगठा पहिला. डॉक्टरांना जाणारा निरोप रद्द झाला. जेवून आलेली कस्तुरी ते राखाडी बघून इन्चार्ज सिस्टरांकडे गेली. सिस्टरांनी टॅब बघितला आणि म्हणाल्या, "अगं, ऋतुजाने मोजलंय ना? जा बाळ, तुझी ड्यूटी संपली."

पाच वाजता काटकर मास्तर बायकोला सातवी ब च्या पोरांचे रंगीत खडू कुठे ठेवलेत ते विचारायला लागले. मास्तर चित्रकलेचे शिक्षक, रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. काकूंना आधी हसू आलं, मग मास्तरांचे ओठ बघून त्या किंचाळल्या. साडेपाचला मास्तर आयसीयूत होते. फुप्फुसात न्यूमोनिया झाला होता आणि तो रक्तात पसरत होता. प्रेशरच्या गोळीने नाडीला धावू दिलं नव्हतं, दुखण्याच्या गोळीने ताप दाबून ठेवला होता. शरीराकडे सांगायला एकच वाट उरली होती, ती म्हणजे श्वास. तो दुपारपासून सांगत होता.

"तीन तास आधी कळतं तर एवढं झालंच नसतं," डॉक्टर जाता जाता म्हणाले. ते कोणाला उद्देशून नव्हतं, पण ऋतुजाने टॅबवरचं ठळक वीस पुन्हा उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पाटीचा अहवाल आला. 'प्रकृती अचानक खालावली. गटाचे मूल्यांकन उपलब्ध माहितीनुसार योग्य. अपवादात्मक नोंद: एक.' त्या एका नोंदीचा दंडही पाटीने लगेच वसूल केला. कस्तुरीचा भरवसा त्रेपन्न झाला. पंधरवड्यात फेरप्रशिक्षणाला हजर व्हा, अशी नोटीस तिच्या टॅबवर येऊन पडली. ऋतुजाच्या नावापुढे पंच्याण्णव झालं.

संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर दोघी वाळलेले गणवेश काढत होत्या. कस्तुरी कालपासून रडली नव्हती, आणि ते ऋतुजाला जास्त जड जात होतं.

"ऋतू, एक काम कर. मी मोजताना कुठं चुकते ते तू बघ."

"आत्ता?"

"हां. तू बस. तुझाच मोजते."

ऋतुजा पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. कस्तुरीने तिचं मनगट हातात घेतलं आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.

"मनगट कशाला?"

"मावशीनं शिकवलंय. ती उपकेंद्रात नर्स होती ना. श्वास मोजतेय असं माणसाला सांगायचं न्हाई. कळलं की तो श्वास सांभाळून घ्यायला लागतो, खरा आकडा मिळतच न्हाई. म्हणून नाडी बघतेय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. आता बोलू नको."

ऋतुजा गप्प बसली. पूर्वी सगळ्याच नर्सेस नाडीसाठी हात धरायच्या आणि त्या आडोशाने श्वास मोजायच्या. बॅन्ड आला, हात धरायचं कारण गेलं आणि कारणाबरोबर मोजणंही गेलं, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. तिला कोणी कधी असं हात धरून पूर्ण मिनिटभर बघितलं नव्हतं. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि ते दाबून धरताना छाती भरभर वर येत होती.

कस्तुरीने हात सोडला. तिचा चेहरा पडला. "तेवीस. बघ, पुन्हा चुकले ना? वीस पाहिजे होते."

कपडे घेऊन ऋतुजा खाली आली आणि बाथरूमचा नळ मोठा सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने ग्रंथालयात बसून पाटीवरच्या स्वतःच्या सगळ्या नोंदी काढल्या. दोन वर्षांत श्वासाच्या अकराशे चौसष्ट. त्यांत वीस आठशेच्या वर, खालोखाल अठरा, कुठे कुठे बावीस. एकही विषम आकडा नाही. तिने कस्तुरीच्या नोंदी काढल्या. सतरा, चोवीस, एकोणीस, सोळा, एकवीस, पंधरा. सम आणि विषम जवळपास निम्मे निम्मे.

पेन्सिल खाली ठेवून ती कितीतरी वेळ त्या दोन रांगांकडे बघत बसली. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केले तर सम आकडाच येणार. पाव मिनिट मोजून चौपट केले तरी समच. मनाने लिहिणारे वीस आणि अठरा लिहिणार. सतरा आणि एकोणीस फक्त त्यालाच मिळतात जो साठ सेकंद उभा राहतो. मग तिने गटातल्या बाकीच्यांच्या नोंदी काढल्या, मग वर्गाच्या, मग पाटी उघडून देईल तेवढ्या सगळ्या कॉलेजांच्या. विषम आकडे शंभरात चारही नव्हते. सहा वर्षं राज्यभरच्या पोरापोरींनी पाटीला शिकवलं होतं की माणूस मिनिटाला वीस श्वास घेतो आणि मरेपर्यंत वीसच घेतो. पाटी आज्ञाधारक, ती शिकली. खोटं लिहिणारे एकमेकांशी जुळत होते म्हणून भरवशाचे ठरले. खरं मोजणारी एकटी पडत होती, म्हणून रोज थोडी थोडी राखाडी होत गेली.

तिने सोहेलला फोन लावला. तो तिकडे ऐंशी किलोमीटरवरच्या रुग्णालयात होता. सगळे त्याला सोहेलब्रदर म्हणायचे.

"ब्रदर, तू श्वास मोजतोस का रे? खरं सांग."

तो हसला, मग थांबला. "काय झालं?"

तिने सांगितलं.

"हे बघ ऋतुजा, मास्तर सुधारतायत ना? कालच व्हेंटिलेटर काढला. आता हे उकरून काढलंस तर तुझ्या एकटीवर नाही थांबणार. गटाचा निकाल एकत्र लागतो. माझी अम्मी निकालाकडे डोळे लावून बसलीय गं."

"आणि कस्तुरी?"

"तुला जे वाटेल ते कर," तो म्हणाला. "मी तुला अडवणार नाही. पण मला विचारू नकोस."

शनिवारी सकाळी अकराला शिंगाडे मॅडमची साप्ताहिक बैठक पाटीवर भरायची. मॅडम वरिष्ठ शिक्षिका, बावीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. तेरा रुग्णालयांतून चव्वेचाळीस चेहरे चौकोनाचौकोनात येऊन बसले. ऋतुजा आणि कस्तुरी हॉस्टेलच्या खोलीत एकमेकींकडे पाठ करून आपापल्या टॅबसमोर बसल्या होत्या. अजेंड्यावर पहिला विषय होता खाट चौदा.

मॅडमनी नोंद पडद्यावर आणली. ठळक वीस, त्याच्या बाजूला राखाडी सत्तावीस. ऋतुजाने आपल्या वीसवर बोट ठेवलं आणि 'नोंद मागे घ्या' निवडलं. पाटीने कारण विचारलं. उपकरणात बिघाड, चुकीचा पेशंट, लिहिताना चूक, इतर. न मोजता लिहिलं हे कारण यादीत नव्हतं. ते कोणाला सुचलंच नसावं. तिने 'इतर' निवडलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लिहिलं, 'मी मोजले नव्हते. अंदाजाने लिहिले. माझ्या अकराशे चौसष्ट नोंदींपैकी बहुतेक अशाच आहेत. कस्तुरी लोंढेचे सत्तावीस खरे होते.'

तिच्या नावापुढचं पंच्याण्णव घसरायला लागलं. एकेचाळीसवर येऊन थांबलं.

"ऋतुजा," मॅडम म्हणाल्या, "काय लिहिलंयस ते कळतंय का तुला?"

"हो मॅडम." तिने विषम आकड्यांचं सगळं सांगितलं, अडखळत, मधे दोनदा पाणी पिऊन.

मग मॅडमनी चष्मा काढला. "गेल्या महिन्यात एका तरी पेशंटचा श्वास ज्यांनी पूर्ण मिनिट मोजलाय, त्यांनी हात वर करा."

चव्वेचाळीस चौकोनांत एक हात वर गेला. ऋतुजाला तो पडद्यावर दिसला, आणि पाठीमागे बांगडी वाजली तीही ऐकू आली.

"माझाही हात वर नाही, हे सगळ्यांनी बघितलं असेल," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी बैठक थांबवली.

पुढचं भराभर झालं. मॅडमनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. पाटीच्या शिकण्यातून श्वासाच्या सहा वर्षांच्या नोंदी बाजूला काढल्या गेल्या. कस्तुरीची नोटीस रद्द झाली. ऋतुजाला सहा महिने फेरप्रशिक्षण लागलं. त्याच वॉर्डात, पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबर, आणि तिच्या प्रत्येक नोंदीवर देखरेख कस्तुरी लोंढेची. सोहेलनेही नंतर आपल्या नोंदी मागे घेतल्या. एकट्यानेच, कोणाला न सांगता.

कस्तुरी आपले आभार मानेल असं ऋतुजाला कुठेतरी आत वाटत होतं. कस्तुरी त्या शनिवारी खोलीत एवढंच म्हणाली, "दोन वरीस मी मलाच ठार बिनडोक समजत होते. तू हसत होतीस." मग तिने तेलाची बाटली उचलून आपल्या कपाटात ठेवली. ऋतुजाने मान खाली घातली. कस्तुरी चिडली होती हे बरोबरच होतं, आणि तरी ते फार लागलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी काटकर मास्तर पुन्हा चौदा नंबरवर होते, दुसऱ्या दिवशी घरी जाणार होते. खंगले होते, पण कागद मागून घेऊन शेजारच्या पेशंटचं चित्र काढत होते. ऋतुजा स्टूल ओढून बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला.

"अहो सिस्टर, बॅन्ड आहे की! मग हात कशाला धरताय?"

"असू द्या, मास्तर."

मिनिट संपलं. तिने आकडा लिहिला, पण हात सोडला नाही. "मास्तर, तुम्हाला एक सांगायचंय. त्या सोमवारी मला तुमच्याकडे नीट बघायला सांगितलं होतं. मी बघितलंच नाही. नुसतं लिहिलं. त्यामुळे तुम्हाला आयसीयूत जावं लागलं."

काकूंच्या हातातली सफरचंदाची फोड तशीच राहिली.

"टेबलावर लिंबू ठेवायचो मी," मास्तर म्हणाले. "पोरांना सांगायचो, याचं चित्र काढा. चाळीसातली अडतीस पोरं समोर बघायचीच नाहीत. डोक्यातलं लिंबू काढायची, गोल गरगरीत. समोरचं एका बाजूनं चेपलेलं असायचं." त्यांनी खोकून घेतलं. "मी त्यांना मार्क द्यायचो. चित्र छान दिसायचं ना." त्यांनी हात सोडवून घेतला नाही. काकूंनी मात्र तिच्याकडे पाठ केली, आणि ऋतुजाने तेही पत्करलं.

दोन वाजले. कस्तुरी ओव्हर घ्यायला आली. खोलीत दोघी आता जेवढ्यास तेवढं बोलत होत्या.

"चौदा नंबर," ऋतुजा म्हणाली, "उद्या डिस्चार्ज. टाके कोरडे आहेत. श्वास..."

"सांगू नको," कस्तुरी म्हणाली.

तिने टॅबकडे पाहिलंच नाही. स्टुलावर बसून तिने मास्तरांचं मनगट धरलं. मास्तर ऋतुजाकडे बघून गालात हसले, आता त्यांच्या लक्षात आलं असावं. ऋतुजा खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. मास्तरांची छाती वर येत होती, खाली जात होती, आणि ती मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. हे मिनिट संपूच नये असंही वाटत होतं आणि लवकर संपावं असंही.

कस्तुरीने हात सोडला, टॅब उचलला, आकडा लिहिला. मग वरची नोंद पाहिली आणि टॅब ऋतुजाकडे वळवला.

एकोणीस. त्याखाली एकोणीस.

"जा," कस्तुरी म्हणाली, "जेवून घे. मटकी संपेल."